ऑनलाइन विकायला ठेवलेल्या लेखाचा छोटा सारांश कसा लिहावा?

तुम्ही विचारलंय की तयार लेख विकायच्या साइटवर ठेवता, लोक उघडून बघतात, पण विकत घेत नाहीत. आणि सारांशाच्या रकान्यात नेमकं काय लिहावं ते कळत नाही.

आधी हे लक्षात घ्या की तो सारांश वाचकासाठी नसतो. तो वाचतो एखाद्या साइटचा किंवा मासिकाचा संपादक. त्याला लेखाची गोडी लावून घ्यायची नसते, आपल्याकडची रिकामी जागा या लेखाने भरेल का एवढंच ठरवायचं असतं. त्याच्यापुढे अशा नोंदींची लांबलचक यादी असते आणि यादीत बहुधा सारांशाची पहिली ओळच दिसते. म्हणून सगळा जोर पहिल्या आठ-दहा शब्दांवर.

एक उदाहरण घेऊ. लेख आहे हापूस घरी पिकवण्याबद्दल. बहुतेक जण असं लिहितात: ‘आंबा हा फळांचा राजा आहे. लहानथोर सर्वांनाच तो आवडतो. या लेखात आंबा घरी कसा पिकवावा याविषयी उपयुक्त व सविस्तर माहिती दिली आहे.’ पहिले नऊ शब्द वाया गेले. ‘या लेखात’ आणि ‘माहिती दिली आहे’ हे तर संपादक धरूनच चालतो. ‘उपयुक्त’, ‘सविस्तर’, ‘रंजक’ हे शब्द सगळ्याच नोंदींत असतात, त्यामुळे त्यांवर कुणाची नजर थांबत नाही.

आता हे बघा: ‘कच्चा हापूस घरी पेंढ्याच्या अढीत पिकवण्याची पद्धत: थर कसे लावायचे, खोली कशी हवी, फळं कधी पालटायची आणि डागी फळ वेळीच कसं ओळखायचं. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यावर बंदी का आहे, हे वेगळ्या चौकटीत. पेटीने आंबा घेणाऱ्या शहरी घरांसाठी. 900 शब्द, 4 उपशीर्षकं. मार्च ते मेमध्ये छापण्याजोगा.’

पन्नास शब्दांच्या आत विषय, आवाका, वाचक, लांबी आणि हंगाम, सगळं आलं. ‘अढी’ (पेंढ्यात थर लावून फळं पिकायला ठेवतात ती रचना) आणि ‘पिकवणं’ असे दोन्ही शब्द मुद्दाम ठेवलेत. कोकणाबाहेरच्या संपादकाच्या तोंडी अढी असेलच असं नाही. तो शोधताना ‘आंबा पिकवणे’ असंच टाइप करणार. प्रत्येक विषयात असा एक घरगुती आणि एक सर्वांना ठाऊक असलेला शब्द असतो. दोन्ही घाला, पण वाक्यात बसतील असे. स्वल्पविराम देऊन शब्दांची माळ लावलीत तर सारांश वाचवत नाही.

लिहायची रीत अशी ठेवा. लेख पूर्ण झाल्यावरच सारांश घ्या, आधी नाही. आधी लिहिलेला सारांश लेखात नसलेल्या गोष्टी कबूल करून बसतो. मग लेखातल्या प्रत्येक परिच्छेदासमोर त्याचं नाम किंवा क्रियापद एका शब्दात लिहा: थर, पालटणं, डाग, कार्बाइड. त्यातले तीन-चार सर्वांत ठोस शब्द उचला आणि त्यांचं वाक्य करा. लेखाचा पहिला परिच्छेद तसाच चिकटवू नका. बऱ्याच ठिकाणी लेखाची सुरुवात खरेदीदाराला नमुना म्हणून दिसतेच. तेच पुन्हा दाखवून एक संधी फुकट जाते.

उत्कंठा ताणू नका. ‘हे गुपित जाणून घ्या’ या वाक्याने संपादक पुढच्या नोंदीकडे जातो. उलट सगळी कृतीही ओतू नका: कॉपीराइट शब्दांच्या मांडणीला असतो, नुसत्या माहितीला नसतो, त्यामुळे सारांशातली कृती कुणी लेख न घेताच वापरू शकतो. काय काय सांगितलंय ते सांगा. ते कसं करायचं ते लेखात राहू द्या. लेख थेट वाचकाला पैसे घेऊन वाचायला द्यायचा असेल, तर हा हात आणखी आखडता घ्यावा लागतो.

कर, सरकारी योजना, कायदा अशा विषयांत नियम कोणत्या महिन्यापर्यंतचे आहेत ते सारांशातच लिहा, नाहीतर घेणाऱ्याला लेख शिळा असल्याची भीती वाटते. सणाचे आणि हंगामाचे लेख वेळेआधी पुरेसे टाका. दिवाळीचा लेख आश्विनात टाकला तर अंक तोवर जुळून झालेले असतात.

मराठीत लिहिणाऱ्यांची एक अडचण वेगळीच. रकान्याला 150 कॅरेक्टरची मर्यादा असेल तर ती अक्षरांची समजू नका. संगणक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्तही (अक्षराचा पाय मोडल्याची खूण) वेगळा मोजतो. ‘महाराष्ट्र’ आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, तिथे तो 10 भरतो. म्हणजे 150 मध्ये साधारण वीस-बावीस शब्द मावतात आणि वरचा सारांश मधेच तुटतो. अशा रकान्यासाठी आखूड रूप वेगळं करून ठेवा: ‘कच्चा हापूस पेंढ्याच्या अढीत घरी पिकवण्याची पद्धत: थर, फळं पालटणं, डागी फळ ओळखणं. 900 शब्द, मार्च-मे.’ हे शंभराच्या आसपास बसतं.

टाकण्याआधी शीर्षक झाकून फक्त सारांश कुणाला तरी वाचायला द्या आणि लेखात काय असेल ते विचारा. त्याने सांगितलेलं आणि तुमचा लेख जुळत नसेल, तर पहिलं वाक्य पुन्हा लिहा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.