बॅज डाव्या डोळ्यावर, मग पदकं कुठे?

यावेळी फौजी वर्दीवर इतके प्रश्न आले की दुसरे सगळे पुढच्या अंकात ढकलले. चारच घेतेय, बाकीच्यांनी रागवू नका.

प्रश्न : आमच्या एकांकिकेत मी आर्मीतली कॅप्टन आहे. भाड्याने आणलेल्या ड्रेसच्या कॉलरला लाल पट्ट्या आहेत, छातीवर पाच-सहा पदकं आहेत. दिग्दर्शक म्हणतात केस मोकळे ठेव, छान दिसतं. चालेल का?

केस मोकळे ठेवून ती कॅप्टन दिसणार नाही, कॅप्टनचा ड्रेस घातलेली हिरोईन दिसेल. वर्दीत केस कॉलरला टेकू द्यायचे नसतात, म्हणून घट्ट अंबाडा आणि त्यावर जाळी.

आता त्या लाल पट्ट्या आधी काढून टाका, त्या कर्नल आणि त्याच्या वरच्यांना असतात. कॅप्टनच्या खांद्यावर तीन स्टार असतात, लेफ्टनंटच्या दोन, आणि मेजर झालं की स्टार जाऊन अशोकस्तंभ येतो. म्हणजे तुमच्या ड्रेसवाल्याने खांद्यावर कॅप्टन आणि गळ्यात कर्नल बसवलाय, आणि प्रेक्षकात एखादे रिटायर्ड सुभेदार साहेब बसले असतील तर नाटक संपेपर्यंत ते फक्त तुमची कॉलर बघत राहतील. नावाची पट्टी उजव्या खिशावर आणि रिबन, म्हणजे पदकांऐवजी लावायच्या रंगीत पट्ट्या, डाव्या खिशाच्या वर, हे उलटं करू नका. आणि सीन सीमेवरच्या चौकीतला असेल तर पदकं काढाच, कॉम्बॅट ड्रेसवर, म्हणजे मोहिमेवर घालायच्या वर्दीवर, कोणी पदकांची माळ लावून फिरत नाही. नवीन डिजिटल ठिपक्यांचा कॉम्बॅट ड्रेस, जो 15 जानेवारी 2022 च्या आर्मी डे परेडला पहिल्यांदा दिसला, त्याचं जॅकेट बाहेरच सोडायचं असतं, पँटमध्ये खोचायचं नाही. जुन्या फोटोंत शर्ट खोचलेला दिसतो म्हणून बरेच जण इथेच फसतात.

नाटकासाठी वर्दी घातली म्हणून गुन्हा होत नाही, घाबरू नका. लोकांनी आपल्याला खरंच सैनिक समजावं या हेतूने घातली तर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे प्रयोग झाल्यावर तोच ड्रेस अंगावर ठेवून टोलनाक्यावर जाऊ नका एवढंच.

प्रश्न : एनसीसीत नवीन आहे. माझी बेरे कॅप डोक्यावर फुगून बसते, सगळ्या हसतात. पिना लावून पण उपयोग नाही.

अगं हे सगळ्यांचं होतं, माझी पहिली बेरे तर डोक्यावर पालथी टोपली ठेवल्यासारखी दिसायची आणि परेड शिकवणारे उस्ताद लांबूनच मान हलवायचे. नवी बेरे तशीच घालायची नसते, तिला आधी वळण लावायचं असतं. कोमट पाण्यात भिजव, उकळत्या नको, लोकर आकसते. हलक्या हाताने पिळून डोक्यावर घाल. खालची पट्टी कपाळावर आडवी सरळ, भुवयांच्या साधारण दोन बोटं वर, आणि बॅज डाव्या डोळ्याच्या वर येईल अशी. मग सगळं जास्तीचं कापड उजव्या कानाकडे ओढ आणि तळहाताने दाबत दाबत चपटं कर. अर्धवट वाळेपर्यंत डोक्यावरच राहू दे, आई भूत म्हणाली तरी, नंतर पालथ्या वाटग्यावर ठेवून पूर्ण वाळव. दोन-तीनदा केलंस की बसते. मागच्या नाडीची टोकं गाठ मारून आत खोच, लोंबती ठेवू नकोस.

आणि पिना लावून उपयोग नाही म्हणतेस त्याचं कारण मला वाटतं तुझा अंबाडा आहे. अंबाडा वर बांधला की तो बेरेला मागून ढकलतो आणि पुढून पट्टी वर सरकते. पट्टीच्या खाली पण कॉलरच्या वर, एवढ्याच जागेत तो बसला पाहिजे. मुलांना हा ताप नाही, त्यामुळे सीनियर मुलाला विचारून काही कळणार नाही, सीनियर मुलीला विचार. बॅजला ब्रासो (पितळ चमकवायचं पॉलिश) मारताना तो टोपीवरून काढून घे, नाहीतर कापडावर पांढरे डाग पडतात आणि ते जाता जात नाहीत.

प्रश्न : माझे मिस्टर सैन्यात होते, आता नाहीत. कार्यक्रमाला त्यांची पदकं मी लावू शकते का? एकाने सांगितलं की तो अपमान होतो.

ताई, ज्याने सांगितलं त्याला माहीत नाही. जरूर लावा, फक्त उजव्या बाजूला. डावी बाजू ज्याने पदक स्वतः कमावलं त्याची, उजवी घरच्यांची. शहिदांच्या कार्यक्रमात वीरनारी, म्हणजे शहिदांच्या पत्नी, बघा, साडीवर उजवीकडे पदकं असतात. त्यामुळे न विचारताही बघणाऱ्याला कळतं. पदर डाव्या खांद्यावर असतो म्हणून उजवीकडे ब्लाऊजवर जागा मोकळीच मिळते, पण पदकं जड असतात, पातळ कापड ओढलं जातं, आतून जाड कापडाचा तुकडा लावून मग पिन करा.

प्रश्न : आजीच्या पेटीत एका बाईचा खाकी साडीतला जुना फोटो सापडला. साडी ही सैन्याची वर्दी असू शकते का?

असू शकते हो! 1942 मध्ये दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी विमेन्स ऑक्झिलरी कोअर, इंडिया काढली, त्यातल्या भारतीय बायका खाकी साडी नेसायच्या. तिच्या नौदल शाखेतल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन 1945 मध्ये ब्रिटनला गेल्या, त्या दौऱ्यातला त्यांचा फोटो आजही सगळीकडे फिरतो, साडीतला. आणि त्याच काळात, 1943 मध्ये, तिकडे सिंगापूरला नेताजींनी राणी झाशी रेजिमेंट उभी केली, कॅप्टन लक्ष्मींच्या हाताखाली, त्यातल्या मुली मात्र शर्ट-पँट आणि तिरकी टोपी घालून बंदूक चालवायला शिकत होत्या. एकाच युद्धात, समोरासमोरच्या बाजूंना, दोन वेगळे पोशाख. मला विचाराल तर यात गंमत अशी की बायकांना लढाईवर पाठवायचं नव्हतं त्यांनी साडी दिली आणि पाठवायचं होतं त्यांनी पँट.

तुमच्या फोटोत भिंग घेऊन खांदे बघा, ब्लाऊजच्या खांद्यावर पट्टी किंवा बिल्ला दिसतोय का, आणि फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख आहे का. खांदा कोरा असेल तर कदाचित आजीच्या मैत्रिणीला खाकी रंगच आवडत असेल, तेही होऊ शकतं. काही सापडलं तर कळवा.