उडता ड्रोन अचानक बंद पडल्यास

ड्रोन हवेतच बंद पडला की नवशिक्याचा पहिला संशय मोटरवर जातो. परंतु चारही पंखे एकाच क्षणी थांबले असतील, तर चारही मोटरी एकदम बिघडणे जवळजवळ अशक्य असल्याने तुम्ही आधी बॅटरी तपासावी. बॅटरी ज्या छोट्या घटकांची बनलेली असते, त्यांतील प्रत्येक लिथियम-पॉलिमर सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट दाखवतो, मात्र जुन्या किंवा गारठलेल्या बॅटरीवर वेगाने वर चढतानाचा भार पडताच एखाद्या सेलचा व्होल्टेज 3 च्या खाली कोसळू शकतो आणि पडद्यावर भरपूर चार्ज दिसत असतानाही वीज तुटते. माझा ड्रोन असाच भाताच्या खाचरात उतरला (उतरला म्हणणे हे सौजन्यच). पाहिले तर बॅटरी किंचित फुगल्यामुळे तिचा खटका नीट बसलेलाच नव्हता.

उड्डाणाच्या नोंदीत शेवटच्या काही सेकंदांतील प्रत्येक सेलचा व्होल्टेज पाहावा. एक सेल सतत 0.1 व्होल्टहून अधिक मागे राहत असेल, तर ती बॅटरी पुन्हा वापरू नये. व्होल्टेज स्थिर असेल, तर रिमोटच्या दोन्ही काड्या नकळत खाली व आतल्या बाजूस ओढल्या गेल्या होत्या का, हे आठवावे, कारण काही ड्रोनमध्ये तीच मोटर बंद करण्याची आज्ञा असते. ड्रोन गरगरत पडला असेल, तर मात्र एखादी मोटर किंवा पंखा पाहावा. दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी पंखे काढूनच घ्यावी.