चिंगीच्या गोचिड्या

प्रश्न : लेक लंडनला असते. नातू रिचमंड पार्कात खेळून आला, तर गुडघ्यामागे गोचीड! काढली, पण डॉक्टरांनी महिनाभर लक्ष ठेवायला सांगितलंय, 'लाइम' नावाच्या आजाराचा धोका म्हणे. मी इथे रोज आमच्या कुत्रीला, चिंगीला कमाटीबागेत फिरवते आणि घासलेटचा बोळा लावून तिच्या गोचिड्या काढते. आता हात लावायलाच भीती वाटते.
— एक आजी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आजी, 'घासलेट' वाचूनच कपाळावर हात मारला. पस्तीस वर्षं कुत्र्यांच्या कानात डोकावण्यात गेली, दर दुसऱ्या घरी हाच बोळा! त्याने गोचीड बिथरते आणि पोटातलं जखमेत ओकते. बारीक चिमट्याने कातडीला टेकून धरा, न पिळता सरळ वर ओढा. नखाने चिरडू तर मुळीच नका. 2011 साली अहमदाबादेत काँगो तापाने माणसं गेली होती. तो ताप गुरांच्या गोचिडीचा, पण चिरडायची सवय सगळीकडे सारखीच.

आता नातवाचं. तिथली गोचीड वेगळ्या जातीची. ओलसर गवतात, पालापाचोळ्यात राहते, तिचं पिल्लू खसखशीएवढं. रिचमंड पार्कातली हरणं तिला पोसतात, पण लाइमचे जंतू ती उचलते उंदरांकडून, पक्ष्यांकडून. हे जंतू तिच्या पोटात असतात, लाळेत उतरायला वेळ लागतो. म्हणून चोवीस तासांच्या आत काढली असेल, तर धोका बराच कमी. तीन ते तीस दिवसांत हळूहळू पसरणारा लाल चट्टा आला, किंवा चट्टा नसूनही ताप, अंगदुखी सुरू झाली, तर लगेच डॉक्टर. प्रतिजैविकांनी बरं होतं. (लाइम हे अमेरिकेतलं गाव, लिंबाचा काही संबंध नाही.)

चिंगीच्या अंगावरची बहुधा तपकिरी गोचीड. ती लाइम पसरवत नाही, पण साधी समजू नका. तिच्यामुळे कुत्र्याला एर्लिकिया होतो : ताप, खाणं बंद, कधी नाकातून रक्त. माणसालाही क्वचित गोचीड-ताप येतो. ताप आणि अंगावर पुरळ असेल तर डॉक्टरांना 'घरात गोचीड आहे' हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

आणि बिचाऱ्या कमाटीबागेला एकटीलाच दोष देऊ नका. ही गोचीड घरातच संसार थाटते. एक मादी हजारो अंडी घालते, तीही भिंतीच्या भेगेत, तसबिरीमागे, दाराच्या चौकटीत. तुमचं घर जुनं लाकडी असेल तर आधी तिथे बॅटरी मारून बघा. चिंगीला औषध आणि भेगांची फवारणी एकाच आठवड्यात करा. औषध मात्र तिचं वजन करून, पशुवैद्याकडूनच.