उरलेली लोकर बाण्याला घाला : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : ताई, मी नेर तालुक्यातली. हिवाळाभर जाऊबाई आणि मी नातवंडांसाठी स्वेटर, टोपरी विणतो. लोकरीचे लहान लहान गुंडे पिशवीभर उरलेत. एकाही रंगात पायमोजा होईल इतकी लोकर नाही. सासूबाई म्हणतात, "उशीत भरून टाका." तुमचं काय म्हणणं?

उत्तर : उशीत भरू नका. सुयांवर एक ओळ विणायला रुंदीच्या साधारण तिप्पट लोकर जाते, कारण प्रत्येक टाका वळसा घेतो. मागावर धागा सरळ जातो, रुंदीपेक्षा थोडीच जास्त लांबी लागते. म्हणजे हातभर, अर्ध्या मीटरचा तुकडा १० सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीत चार ओळी भरतो. तुमची अख्खी पिशवी कामाची आहे.

माझं माहेर मोहाडीचं, घरात हातमाग होता. थान उतरवल्यावर मागावर ताण्याचे वीत-दीड वीत तुकडे उरतात, त्यांना पुढे काही विणता येत नाही. आई ते जुडी बांधून खुंटीला टांगायची आणि वर्षभर बांधाबांधीला वापरायची. सूत फेकायचं नसतं हे मी तिथेच शिकले. पण दुसरीही एक गोष्ट शिकले आणि ती तुम्ही पक्की लक्षात ठेवा : उरलेली लोकर बाण्याला घाला, ताण्याला कधीच नाही. ताणा म्हणजे उभे धागे, सगळा ओढा त्यांच्यावर. बाणा म्हणजे त्यांच्यातून वर-खाली जाणारा आडवा धागा. लोकर लवचीक असते. ताणून बांधली तर काम मागावर छान दिसतं, काढलं की आकसून गोळा होतं. ताण्यासाठी गोधडी शिवायचा जाड सुती दोरा दुहेरी करून घ्या, अखंड, मध्ये गाठ नको.

माग विकत घ्यायचा नाही, पुठ्ठ्याचाच करायचा. कृषी केंद्रात बियाण्यांची खोकी मिळतात, कूलरचं खोकं असेल तर अधिक चांगलं. त्याचा वीतभर लांबीचा तुकडा कापा. पुठ्ठ्याच्या आत नळ्या असतात, त्या ताण्याच्या दिशेनेच राहू द्या. आडव्या ठेवल्या तर दोरा ताणताच पुठ्ठा वाकतो. वरच्या आणि खालच्या कडेला अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा पाडा. १० सेंटिमीटर रुंदीला २१ खाचा होतात. दोरा खाचेतून खाली, पुढच्या खाचेतून वर, असा समोरच्या अंगाने नेत जा. ताण एकसारखा हवा. बोटाने छेडल्यावर दोरा लोंबता कामा नये, आणि पुठ्ठाही वाकता कामा नये.

आता दाभणात लोकर ओवा. एक दोरा वरून, एक खालून. परत येताना उलट. दर दोन-तीन ओळींनी जुन्या कंगव्याने खाली दाबत राहा, ताणा दिसेनासा होईपर्यंत. लोकर संपली की गाठ मारू नका, गाठ टोचते आणि धुण्यात सुटतेही. जुना तुकडा जिथे संपला तिथे नवा तीन-चार दोऱ्यांपर्यंत त्याच्यावरच जोडीने जाऊ द्या आणि दोन्ही टोकं मागे सोडा. बारीक लोकर दुहेरी घ्या म्हणजे जाड लोकरीच्या शेजारी ती खड्ड्यासारखी दिसत नाही. रंगांची फार जुळवाजुळव करू नका. एखादा गडद रंग मात्र अधूनमधून परत येऊ द्या, तेवढ्यानेच सगळे तुकडे एका घरचे वाटतात.

शेवटी खाचांतून काढून दोऱ्यांची दोन-दोनची गाठ मारा. अशा पट्ट्या एकमेकींना शिवल्या की बाजेवरचं आसन होतं.

प्रश्न : मी लाखनी तालुक्यातून लिहिते. पट्टी विणायला जमते, पण दोन त्रास आहेत. मधोमध कंबर बारीक होते. आणि दोन रंग शेजारी-शेजारी विणले की मध्ये उभी फट राहते.

उत्तर : पहिल्याचं कारण एकच, तुम्ही बाणा ओढून घेता. धागा आडवा नेल्यावर सरळ ताणू नका. कमानीसारखा सैल ठेवा, मग कंगव्याने दाबा. वर-खाली जाताना त्याला जी जास्तीची लांबी लागते ती त्या कमानीतून मिळते. कडेचा दोरा पुठ्ठ्याच्या जागेवरून सरकला नाही ना, हे दर चार ओळींनी पाहा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर तुमच्याच भंडारा जिल्ह्यात आहे, म्हणून मला हा प्रश्न फार आवडला. आपल्या टसरच्या करवती साडीत काठ वेगळ्या रंगाचा आणि अंग वेगळ्या रंगाचं, तरी मध्ये फट नसते. विणकर तीन धोटे, म्हणजे बाण्याचा धागा आडवा नेणारी साधनं, चालवतो, दोन काठांना दोन आणि अंगाला एक. हद्दीवर काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकतात आणि मग आपापल्या बाजूला परततात. ती हद्द पायरीपायरीने पुढेमागे सरकवली की करवतीचे दात उमटतात.

तुम्ही तेच दोन दाभणांनी करा. लाल उजवीकडून, पिवळा डावीकडून, दोघे दोन ताण्यांच्या मधल्या जागेत आणा, एकाला दुसऱ्याचा वेढा द्या आणि परत पाठवा. प्रत्येक वेळी वेढा एकाच प्रकारे, लाल वरून तर लालच वरून. हे जमलं की हद्द दर चार ओळींनी एक-एक दोरा सरकवून पाहा. तुकड्यांच्या लोकरीतही दात सुरेख येतात. मोहाडीच्या मागावर वर्षानुवर्षं बसलेल्या हातांची सर त्याला येणार नाही, पण त्यांचं काम किती अवघड आहे ते तुमच्या बोटांना कळेल, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न : आमच्याकडे सगळी लोकर एकत्र झालीये. गरम पातेल्याखाली ठेवायची चटई विणली तर चालेल का?

उत्तर : आधी लोकर कोणती ते ओळखा. बाजारात मिळणारी बरीच लोकर ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धाग्याची असते आणि ती उष्णतेने वितळते. चुलीवरून उतरवलेल्या पातेल्याखाली ती नकोच. धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, जवळ पाणी ठेवून, मोठ्या माणसाने जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर केली की ती विझू लागते, राख चुरगळते. सुताला कागद जळाल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. ॲक्रिलिक वितळत जळतं आणि काळा कडक मणी उरतो. पातेल्याखाली सुती धाग्याची जाड चटई घाला. ॲक्रिलिक माठाखाली चालतं, ओलाव्याने कुजत नाही. नव्या रंगाचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडावर घासूनही पाहा, नाहीतर पहिल्या धुण्यातच लाल रंग शेजारच्या पांढऱ्याला लागतो.

प्रश्न : चिमूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकवतो. पहिली ते चौथीच्या मुलांना कार्यानुभवात विणकाम द्यायचं आहे. कात्री आणि दाभण कमी आहेत.

उत्तर : सर, दोन्हींशिवाय सुरुवात करता येते. तूर निघाली की तुराट्या गावभर पडलेल्या असतात. वीतभर लांबीच्या दोन काड्या घ्या, फांद्यांचे खुंट काढून हात फिरवून गुळगुळीत करा, अधिक चिन्हासारख्या ठेवा आणि मधोमध लोकरीने घट्ट बांधा. मग धागा एका काडीवरून न्यायचा, तिला वेढा द्यायचा, पुढच्या काडीकडे जायचं. फिरत-फिरत चौकोन वाढतो, रंग बदलले की त्यात कोनाकोनाच्या रेघा येतात. मेक्सिकोतल्या विचोल लोकांत असं विणण्याची जुनी परंपरा आहे. पहिलीच्या मुलांना हे पुरेसं आहे.

तिसरी-चौथीला बाभळीची नाही, बोरीचीही नाही, काटे नसलेल्या झाडाची वाळलेली बेचकी द्या. तिच्या दोन फांद्यांमध्ये सुती दोरा ताणायचा आणि बोटांनीच बाणा घालायचा. ओल्या फांदीवर विणू नका, ती वाळून आक्रसते आणि दोरा सैल पडतो.

सहल वर्ध्याकडे जाणार असेल तर मगन संग्रहालय दाखवा. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते ते सुरू झालं, आणि चरखा मुलांना तिथे जवळून पाहता येईल. सहलीच्या आधी वर्गात तुराटीचं काम झालेलं असू द्या. ज्या पोरांनी स्वतः धागा ओढला आहे ती तिथल्या माणसांना नेमके प्रश्न विचारतील. लोकर मात्र शाळेने विकत आणू नये. प्रत्येक मुलाने घरून एक तुकडा आणावा, आणि ज्याच्या घरी नसेल त्याला दुसऱ्याच्या गुंड्यातून हातभर द्यावा.