गाडीला फोन जोडला की गाणं आपोआप सुरू होतं, ते कसं थांबवायचं?

दोष बहुतेक वेळा फोनचा नसतो. ब्लूटूथ जुळलं की गाडीचा स्टिरिओच फोनला ‘प्ले’ असा हुकूम सोडतो, आणि फोन शेवटचं अडकलेलं गाणं पुढं ओढतो. आमच्यात हे निपाणीला मयताला जाताना झालं. मागच्या सीटवर आत्या डोळ्याला पदर लावून बसलेली, मी बेळगावात किल्ली फिरवली आणि ढोलकी कडाडली! आवाजाचं बटण सापडेपर्यंत घाम फुटला.

अँड्रॉइड ऑटो वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘स्टार्ट म्युझिक ऑटोमॅटिकली’ असतं, ते बंद करा. मिटलं.

नुसतं ब्लूटूथ असेल तर अँड्रॉइड फोनच्या ब्लूटूथ यादीत गाडीच्या नावापुढचं दातेरी चाकाचं चिन्ह दाबा आणि ‘मीडिया ऑडिओ’ बंद करा, ‘फोन कॉल्स’ चालू ठेवा. फोन येतील, गाणी नाहीत. पण मग चोर्ला घाटात गाणी हवी असली तर परत चालू करावं लागतं, ही कटकट आहेच.

आयफोनला असं सरळ बटण नाही. शॉर्टकट्स अ‍ॅपमध्ये ऑटोमेशन करायचं: गाडीचं ब्लूटूथ जुळलं की पाच सेकंद थांब, मग पॉज. थांबणं विसरू नका. गाडीचा हुकूम उशिरा येतो, आधीच पॉज केलं तर गाणं नंतर वाजतंच. ‘रन इमिजिएटली’ही निवडा, नाहीतर दरवेळी विचारत बसेल.

स्टिरिओच्या मेनूत ‘ऑटो प्ले’ दिसतंय का तेही बघा. काहींत असतं.