वाचकांचे प्रश्न : इंजिनाचा रिकॉल आणि वाढीव वॉरंटी

प्रश्न : माझ्याकडे २०२२ चा शेवरोले सिल्व्हराडो १५०० हा पिकअप असून त्याचे इंजिन ६.२ लिटरचे आहे. रिकॉलचे, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी कंपनीने वाहन परत बोलावल्याचे, पत्र आल्यावर मी ट्रक डीलरकडे नेला. तपासणीत इंजिन ठीक ठरले, तेव्हा त्यात अधिक जाड ऑइल भरून दिले आणि ऑइलचे झाकण बदलले. मी ट्रेलर लावून बागकामाची यंत्रे वाहतो, त्यामुळे ट्रक उभा राहिला की धंदाही उभा राहतो. आता काळजी मिटली असे समजावे का? — एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : रिकॉलचे काम कागदोपत्री पूर्ण झाले आहे, परंतु काळजी मिटली असे मी म्हणणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने २०२१ ते २०२४ या मॉडेल वर्षांतील, एल८७ या ६.२ लिटर व्ही८ इंजिनाची सुमारे सहा लाख वाहने अमेरिकेत रिकॉल केली. सिल्व्हराडोबरोबर जीएमसी सिएरा, टाहो, सबर्बन, युकॉन आणि एस्कलेड हीदेखील त्यात आली. कंपनीने राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा संस्थेला, म्हणजे एनएचटीएसएला, दोन कारणे कळवली : कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) व क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) यांच्या ऑइलमार्गांत राहिलेला गाळ, आणि ठरलेल्या मापात व पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणात न बसणारे क्रँकशाफ्ट. दोन्हींचा परिणाम एकच, तो म्हणजे फिरत्या भागांना आधार देणारे बेअरिंग खराब होऊन चालत्या गाडीत इंजिन निकामी होणे. त्या वेळी कंपनीकडे अमेरिकेतून अठ्ठावीस हजारांहून अधिक तक्रारी व घटनांची नोंद होती आणि त्यांपैकी निम्म्यांत गाडीची ओढ, म्हणजे पुढे जाण्याची शक्ती, गेल्याचे म्हटले होते.

आता ऑइलचे पाहू. मूळचे ०डब्ल्यू-२० श्रेणीचे ऑइल पातळ असते आणि इंधन वाचवते. नवे ०डब्ल्यू-४० गरम इंजिनातही बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये अधिक जाड थर टिकवते. हा थर झीज लांबवू शकतो, परंतु अडकलेला गाळ काढत नाही आणि क्रँकशाफ्टचे माप सुधारत नाही. तपासणीत उत्तीर्ण झालेल्या इंजिनांना कंपनीने दहा वर्षे किंवा दीड लाख मैल, यांपैकी जे आधी येईल तोवर, या दोषापुरते विशेष संरक्षण दिले आहे. सिल्व्हराडोची मूळ पॉवरट्रेन (इंजिन, गिअरबॉक्स इत्यादींची) वॉरंटी मात्र पाच वर्षे किंवा साठ हजार मैलांचीच आहे. केवळ ऑइल बदलून प्रश्न सुटला असता, तर इतका मोठा शब्द देण्याचे कारण उरले नसते, असे माझे मत आहे.

या संरक्षणाची मुदत पत्राच्या तारखेपासून नव्हे, तर ट्रक प्रथम वापरात आला त्या दिवसापासून मोजली जाते. ट्रक वर्षाला चाळीस हजार मैल धावत असेल, तर दीड लाख मैल चार वर्षांच्या आतच संपतात आणि ‘दहा वर्षे’ हे शब्द आपल्यासारख्या व्यावसायिकाला फारसे उपयोगी राहत नाहीत. शिवाय लिफ्टर (इंजिनातील झडपा उचलणारा भाग), गिअरबॉक्स किंवा रेडिएटर बिघडल्यास हे संरक्षण लागू होत नाही. तेथे मूळ वॉरंटीच पाहावी लागते.

येथून पुढे ऑइल ०डब्ल्यू-४० च भरावे. झटपट ऑइल बदलून देणाऱ्या दुकानातील संगणकावर जुनीच श्रेणी दिसत असेल, तर तेथील कामगार बिनदिक्कत ०डब्ल्यू-२० भरून मोकळा होईल, म्हणून ऑइलच्या नव्या झाकणावरील श्रेणी त्याला दाखवावी. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार वॉरंटी टिकवण्यासाठी नेहमीची देखभाल डीलरकडेच करून घेण्याची सक्ती नाही. आपण स्वतःही ऑइल बदलू शकता, मात्र तारीख, ओडोमीटरचा आकडा आणि ऑइलची श्रेणी असलेली प्रत्येक पावती जपावी. रिकॉलच्या तपासणीचा कागदही डीलरकडून मागून घ्यावा. जड ट्रेलर ओढणाऱ्याने गाडीने ऑइल बदलण्याची सूचना देईपर्यंत थांबू नये. मी तरी त्याआधीच ऑइल बदलीन.

इंजिनातून ठोके ऐकू आले, त्याचे फेरे (आरपीएम) अकारण वाढले, ओढ अडखळली किंवा चेक इंजिनचा दिवा लागला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून टोइंग करून न्यावी. डीलर दहा मैलांवरच आहे म्हणून ट्रक चालवत नेण्याचा मोह टाळावा.

प्रश्न : रिकॉल जाहीर होण्यापूर्वीच माझ्या पिकअपचे इंजिन बसले. मी ते खासगी गॅरेजमध्ये बांधून घेतले आणि बिल स्वतः भरले. आता त्याच दोषासाठी रिकॉल निघाला आहे. पैसे परत मिळतील का? कंपनीचे नाव कृपया छापू नये. — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : मागणी अवश्य करावी. रिकॉलचे पत्र येण्यापूर्वी त्याच दोषाची दुरुस्ती स्वखर्चाने करणाऱ्यांना भरपाई देण्याची योजना उत्पादकाला संघीय नियमांनुसार ठेवावी लागते, आणि दुरुस्ती डीलरकडे झाली नाही एवढ्याच कारणावरून ती नाकारता येत नाही. वाहन क्रमांक आणि दोषाचे वर्णन असलेले बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि मालकीचा कागद पत्रातील मुदतीत पाठवावा. बिलावर केवळ ‘इंजिन काम’ एवढेच लिहिलेले असेल, तर नेमका कोणता भाग निकामी झाला होता हे गॅरेजवाल्याकडून लिहून घ्यावे. रक्कम सुटे भाग आणि मजुरीच्या वाजवी दरापुरती मर्यादित ठेवण्याची मुभा कंपनीला आहे. ट्रक त्या वेळी मूळ वॉरंटीत असताना आपण बाहेर दुरुस्ती केली असेल, तर मात्र दावा अडू शकतो. बुडालेल्या कामाची भरपाई या योजनेत येत नाही.

प्रश्न : जुना २०२२ चा टोयोटा टंड्रा घ्यावा असा विचार आहे. रिकॉलचा हक्क दुसऱ्या मालकाला मिळतो का? — एक वाचक, टोरान्स

उत्तर : मिळतो, कारण रिकॉल वाहनाचा असतो, मालकाचा नव्हे. मे २०२४ मध्ये टोयोटाने २०२२ आणि २०२३ चे टंड्रा व लेक्सस एलएक्स मिळून सुमारे एक लाख दोन हजार वाहने रिकॉल केली. यंत्रकामातील धातूचे कण इंजिनात राहून मुख्य बेअरिंग खराब होत होते, आणि उपाय म्हणून इंजिन बदलून देण्याचे ठरले. हायब्रिड टंड्रा त्यात नव्हता, कारण इंजिन थांबले तरी विद्युत मोटरमुळे त्याची थोडी ओढ शिल्लक राहते. सतरा अक्षर-अंकी वाहन क्रमांक एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा. रिकॉल बाकी असलेले नवे वाहन डीलरला ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही, जुन्या वाहनाला मात्र अशी संघीय बंदी नाही, त्यामुळे विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.

प्रश्न : ‘तुमची वॉरंटी संपत आली आहे’ असे फोन सतत येतात. वाढीव वॉरंटी घ्यावी का? — एक वाचक, एडिसन

उत्तर : फोनवर मुळीच नको. असे बहुतेक फोन उत्पादकाकडून येत नाहीत आणि वाढीव वॉरंटी म्हणून विकला जातो तो बहुधा त्रयस्थ कंपनीचा सेवा करार असतो. जुलै २०२२ मध्ये तर संघीय दूरसंचार आयोगाने अशा फोनच्या एका मोठ्या जाळ्याचे कॉल रोखण्याचे आदेश दूरध्वनी कंपन्यांना दिले होते. करार घ्यायचाच असेल, तर त्याचा संपूर्ण मसुदा आधी मागवावा आणि उत्पादकाने विनामूल्य दिलेल्या संरक्षणात जे येते त्यासाठीच पुन्हा पैसे मोजत नाही ना, हे ओळीने ताडून पाहावे.