मॉनिटर चालूच होत नाही, इंडिकेटरसुद्धा लागत नाही. घरी दुरुस्त होईल का?

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. २२ इंची एलईडी मॉनिटर, आठ वर्षं जुना, जिंतूरकडचं गाव, परवापासून इंडिकेटरही लागत नाही, दुकानदार म्हणतो 'बोर्ड गेला, नवाच घ्या'. एवढं सगळं लिहून झाल्यावर कंसात म्हणता, की महिनाभर सकाळी बटण चार-पाच वेळा दाबल्यावरच चालू व्हायचा, दुपारी मात्र एका दाबात. मी परभणीत वीसेक वर्षं हेच काम करतोय. गिऱ्हाईक ही गोष्ट नेहमी शेवटी सांगतं, दुकानाची पायरी उतरता उतरता.

सकाळी रुसणारा आणि दुपारी चालणारा मॉनिटर म्हणजे पॉवर सप्लायमधले कॅपेसिटर वाळलेत, हे मी तुमचा मॉनिटर न बघता पैजेवर सांगतो. इलेक्ट्रोलिटिक कॅपेसिटर म्हणजे ॲल्युमिनियमच्या छोट्या डबीत गुंडाळलेली फॉईल आणि तिच्या मधला रसायनात भिजवलेला कागद. तो कागद वर्षानुवर्षं वाळत जातो, तसतसा कॅपेसिटरचा आतला रोध वाढतो. थंडीत हा रोध आणखी वाढतो. सप्लाय उठायला बघतो, व्होल्टेज खचतं, परत बसतो. तुम्ही बटण चार वेळा दाबता तेव्हा दर वेळी थोडा करंट जाऊन कॅपेसिटर जरासा गरम होतो, आणि पाचव्या वेळी गाडी चालू होते. परवा तो इतका वाळला की आता गरम व्हायलाही तयार नाही.

डबीवर १०५ अंश असं छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. ती टोकाची मर्यादा आहे, आणि त्या तापमानाला त्याचं आयुष्य काही हजार तासच असतं. ढोबळ हिशोब असा, की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट, चढलं की निम्मं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४२-४३ अंश असतात. वर पत्रे, मॉनिटर भिंतीला चिकटवलेला, मागच्या जाळीवर धूळ, आत हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी, तापलेलं. वाळण्याचं काम उन्हाळ्यात होतं आणि कळतं थंडीत, म्हणून डिसेंबर-जानेवारीत माझ्या टेबलावर अशा मॉनिटरची रांग लागते. मॉनिटर कूलरसमोर ठेवत असाल तर तेही बंद करा. ओली हवा आणि धूळ मिळून बोर्डावर चिखलाचा पातळ थर बसतो.

आता खोलण्याआधी चार गोष्टी बघा. सीपीयूची आणि मॉनिटरची पॉवर कॉर्ड बहुतेक वेळा एकच असते, अदलाबदल करून बघा. हसू नका, दोनशे रुपयांची कॉर्ड खराब म्हणून लोक जिंतूरहून परभणीला मॉनिटर घेऊन आलेत. मग एचडीएमआय किंवा व्हीजीए केबल काढून टाका आणि नुसता मॉनिटर चालू करा. चांगला मॉनिटर एकटा असला तरी इंडिकेटर लावतो आणि सिग्नल नाही असं पडद्यावर सांगतो. इंडिकेटर लागतो पण पडदा काळा असेल तर अंधारात पडद्यावर तिरपी बॅटरी मारा. आत पुसट चित्र दिसलं तर सप्लाय जिवंत आहे, मागचा उजेड गेलाय, ते दुखणं वेगळं. आणि बटण आत अडकून बसलंय का तेही बघा.

बाहेर अडॅप्टर असलेला मॉनिटर असता तर काम फारच सोपं होतं, अडॅप्टर बदलायचा. पण घरात पडलेला कुठलाही अडॅप्टर खुपसायचा नाही. एका कंपनीचा १९ व्होल्टचा, दुसरीचा १४ चा, तिसरीचा १२ चा, आणि पिन सारखीच दिसते. अडॅप्टरवरचे आकडे आणि मॉनिटरच्या मागच्या लेबलवरचे आकडे जुळले पाहिजेत. तुमच्यात कॉर्ड थेट आत जाते म्हणता, म्हणजे सप्लाय पोटात आहे.

न खोलता करायची एक परीक्षा आहे, ती मला माझ्या उस्तादांनी शिकवली. मागच्या जाळीतून हेअर ड्रायरची गरम हवा चार-पाच मिनिटं आत सोडा आणि लगेच बटण दाबा. मॉनिटर उठला तर बहुधा कॅपेसिटरच. ड्रायर नसेल तर पडद्यावर गोधडी टाकून पाठ अर्धा तास उन्हात ठेवा. नाही उठला तरी कॅपेसिटर निर्दोष ठरत नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

तुमच्यासारखीच तक्रार घेऊन येणारे दुसरे लोक असतात, त्यांची कहाणी वेगळी असते. 'डीपीवर काहीतरी ठिणगी झाली, घरातले बल्ब भगभगले आणि मॉनिटरमधून फट् आवाज आला' ही न्यूट्रल तुटल्याची कहाणी. तेव्हा घरात २३० च्या जागी ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं. असल्या वेळी फ्यूजजवळची निळी किंवा पिवळी चकती, म्हणजे व्हॅरिस्टर, स्वतः फुटून बाकीचं वाचवते. फ्यूज आणि चकती बदलली की पुष्कळदा मॉनिटर परत उभा राहतो. 'वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि गेला' म्हणाल तर मी आधीच हात जोडतो, कारण वीज सिग्नलच्या केबलमधूनही आत शिरते आणि मेन बोर्डही घेऊन जाते. आणि एक कहाणी फक्त खोलल्यावरच कळते. मागच्या जाळीतून पाल आत शिरते, उबेला बसते, आणि ३२५ व्होल्टच्या दोन टोकांवर एकदम पाय ठेवते. दर पावसाळ्यात एखादी तरी निघतेच. मुंग्यांचं वारूळ तर विचारू नका.

आता खोलायचं. मल्टिमीटर नसेल तर इथंच थांबा आणि कुणाला तरी दाखवा. प्लग काढल्यावरही आतला मोठा कॅपेसिटर भरलेला असतो. २३० व्होल्ट एसी डायोडच्या ब्रिजमधून गेल्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतं आणि ते त्या मोठ्या डबीत साठून राहतं. सुरुवातीच्या दिवसांत मी ती पेचकसाने शॉर्ट करायचो. एकदा पेचकसाचं टोक वितळलं आणि कानात दिवसभर शिट्टी वाजत होती. होल्डरमध्ये जुना पिवळा ६० वॉटचा बल्ब लावून त्याच्या दोन वायरी कॅपेसिटरच्या दोन पायांना काही सेकंद टेकवा, म्हणजे चार्ज बल्बमधून उतरतो. वायरीचा उघडा भाग बोटांना लागता कामा नये. मग मल्टिमीटरने मोजून शून्याजवळ आल्याची खात्री करा. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही.

पलंगावर गोधडी अंथरून मॉनिटर पालथा घाला. स्टँड काढा, मागचे स्क्रू काढा. चौकट बहुतेक नुसत्या खटक्यांवर असते. तिथं जुनं एटीएम कार्ड फिरवा, पेचकस घुसवू नका, पॅनलची काच एका दाबात जाते. पत्र्याच्या डब्याखाली दोन बोर्ड दिसतील. ज्यात कॉर्ड येते तो सप्लाय, ज्यात एचडीएमआय आहे तो मेन बोर्ड. कनेक्टर काढण्याआधी मोबाईलवर चार-पाच फोटो काढा. परत लावताना त्या फोटोंनी मला जितकं वाचवलंय तितकं कुठल्याही पुस्तकानं नाही.

सप्लायच्या दुसऱ्या बाजूला, ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडं, उभ्या डब्या असतात. ४७० किंवा १००० मायक्रोफॅरड, १६ किंवा २५ व्होल्ट अशा. त्यांच्या डोक्यावर रेघांची खूण असते आणि डोकं सपाट असायला पाहिजे. टोपी फुगली असेल किंवा तपकिरी राळ आली असेल तर चोर सापडला. बुडाशी लागलेला पिवळट डिंक मात्र कारखान्यातला असतो, त्याला गळती समजू नका. एक फुगलेला दिसला तरी त्या बाजूचे सगळे बदला, सगळे एकाच वयाचे असतात.

आणि टोप्या सगळ्या सपाट असतील तर? इथंच बरेच कारागीर बोर्ड गेला म्हणून हात झटकतात. सप्लायच्या आयसीजवळ, म्हणजे तो चालवणाऱ्या काळ्या चिपजवळ, एक बारका कॅपेसिटर असतो, बहुधा २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा. आयसीला चालू व्हायला लागणारी ताकद तो साठवतो. हा इतका छोटा की फुगत नाही, नुसता गपचूप वाळतो. शेजारी हीटसिंक तापलेलं असतं. इंडिकेटरसुद्धा न लागणारे कितीतरी मॉनिटर मी एवढा एक बदलून चालू केलेत. दुकानात चांगला मिळतो दहा रुपयांच्या आत. मोठे बदलताय तर हाही न विचारता बदलाच.

नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढाच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचा, आणि लो ईएसआर, म्हणजे आतला रोध कमी असलेला मागा. उंचीही बघा, नाहीतर पत्र्याचं झाकण बसत नाही. परभणी-नांदेडला साधे मिळतात, चांगले हवे असतील तर छत्रपती संभाजीनगरला किंवा हैदराबादला. आम्ही पूर्वी देवगिरी एक्स्प्रेसनं हैदराबादला जायचो आणि तिथल्या कोटी भागातल्या गुजराती गल्लीतून पिशवीभर सामान आणायचो. आता ऑनलाईन मिळतं, पण त्यात नकली फार. पांढऱ्या पट्ट्याची बाजू निगेटिव्ह. बोर्डावरच्या खुणेवर आंधळा विश्वास ठेवू नका, काही बोर्डांवर ती उलटी छापलेली असते. जुना ज्या दिशेनं होता त्याच दिशेनं नवा. उलटा लागला तर फटाका फुटतो, आणि हे मी स्वानुभवानं सांगतोय.

फ्यूज उडालेला दिसला तर त्या जागी तार लावायची नाही, ही हात जोडून विनंती. फ्यूज उडाला म्हणजे पुढं ब्रिज किंवा स्विचिंगचा ट्रान्झिस्टर शॉर्ट असण्याची दाट शक्यता. ते मीटरवर बघा, आणि पहिल्यांदा लाईट द्याल ती सिरीजमध्ये, म्हणजे लाईनच्या वायरीत मधे, १०० वॉटचा पिवळा बल्ब टाकूनच द्या. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, पूर्ण पेटून राहिला तर आत अजून शॉर्ट आहे. बल्बामुळं बोर्ड वाचतो. चालू बोर्डावर मोजताना एक हात खिशात ठेवायचा, आणि पायात चप्पल. कनेक्टरजवळ ५ व्होल्ट, १४ व्होल्ट असं छापलेलं असतं, ते तिथं मिळायला हवं. ५ व्होल्ट पक्के मिळतात आणि तरी मॉनिटर मेलेलाच आहे, तर मग मेन बोर्ड. तेव्हा दुकानदार खरं बोलतोय.

खर्चाचं विचाराल तर कॅपेसिटरचा सगळा संच शंभर रुपयांच्या आसपास जातो. पॅनल फुटलं असतं किंवा वीज पडली असती तर मीही नवाच घ्या म्हणालो असतो. आणि चालू झाल्यावर अर्थिंग बघा. आपली काळी माती मेमध्ये भेगाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात ओल राहत नाही आणि स्पाइक गार्डही पूर्ण काम करत नाही. आठवड्यातून एक बादली पाणी ओता.

मॉनिटर अजून तुमच्याकडंच असेल तर बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो टाका, मी बघून सांगतो. दुकानात देऊन बसला असाल तर बोर्ड बदलून घ्या खुशाल, फक्त पैसे देताना जुना बोर्ड परत मागा. तो देताना त्यानं जरा कां-कूं केलं, तर त्याला काय बिघडलंय ते आधीपासून माहीत होतं.